बाल्कनीतला ड्रायर आणि ४.९ किलोओहम

ऑगस्टची दुपार, शारजातल्या अल नहदाचा एक फ्लॅट. युटिलिटी बाल्कनी काचेने बंद केलेली, आत एसीचा वारा पोहोचत नाही. ड्रायर अर्ध्यावर थांबलाय आणि पडद्यावर तापमानाच्या सेन्सरचा एरर कोड. मेकॅनिक मागचं पॅनल काढतो, दोन वायरींचा कनेक्टर सोडवतो, मल्टिमीटरची टोकं लावतो आणि मान हलवतो. "दस होना चाहिए, पाँच भी नहीं आ रहा. सेन्सर गया." मीटरवर ४.९ आकडा असतो. नवा सेन्सर लागतो, पैसे दिले जातात, आणि थोड्याच दिवसांत तोच कोड पुन्हा झळकतो.

आखातात हे दृश्य ओळखीचं आहे. गंमत अशी की तो ४.९ चा आकडा बहुतेक वेळा अगदी बरोबर असतो.

ड्रायरच्या हवेच्या वाटेत बसवलेला हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, तापमानाप्रमाणे आपला विद्युत रोध बदलणारा मण्याएवढा तुकडा. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. या मण्याचं उलटं, तापला की रोध कमी. १८३३ मध्ये मायकेल फॅरडेला सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा उलटा स्वभाव दिसला होता, पण तो कामाला लावायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली. १९३० मध्ये सॅम्युअल रुबेनने व्यवहारात वापरता येईल असा थर्मिस्टर बनवला. आजचा थर्मिस्टर मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडांची पूड दाबून, भट्टीत भाजून तयार होतो. मँगनीज म्हटलं की आपल्याला भंडारा-नागपूरच्या खाणी आठवणार. तिथल्या डोंगरी बुजुर्ग खाणीचं खनिज सुक्या बॅटऱ्यांच्या उद्योगाला जातं. थर्मिस्टरला त्याच धातूचा, पण फार शुद्ध केलेला ऑक्साइड लागतो. अशा पदार्थात थंडीत वीज वाहून नेणारे कण जखडलेले असतात. उष्णता मिळाली की ते सुटतात, आणि थोड्याशा तापमानवाढीनेही त्यांची ये-जा झपाट्याने वाढते. म्हणून इवल्याशा मण्याकडून इतकं स्पष्ट उत्तर मिळतं.

ड्रायरमध्ये सर्रास आढळणाऱ्या एका जातीच्या थर्मिस्टरचा रोध २५ अंश सेल्सियसला १० किलोओहम असतो. मेकॅनिकच्या तोंडी असलेलं 'दस' ते हेच. पण सर्व्हिसच्या पुस्तिकेत त्या दहाच्या शेजारी बारीक अक्षरांत २५ अंशांची अट लिहिलेली असते आणि तीच वाचायची राहते. हाच मणी ३५ अंशांना साधारण ६.५ किलोओहम दाखवतो, ४२ अंशांना ४.९ आणि ६० अंशांना अडीच. ऑगस्टमधल्या त्या बंद बाल्कनीत ४२ अंश असणं काहीच विशेष नाही. सेन्सर 'गेलेला' नव्हता, तो बाल्कनीचं तापमान सांगत होता. पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर थंड देशातलं तळघर असतं, त्यात त्यांचाही फार दोष नाही.

मग तपासायचं कसं? सगळ्यात आधी प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण आत २३० व्होल्ट आहेत. थर्मिस्टर सोडवून पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवायचा. बर्फ भरपूर, पाणी थोडं, आणि चमचा फिरवत राहायचं. असं मिश्रण कोणत्याही देशात, कोणत्याही ऋतूत शून्य अंशाच्या आसपासच राहतं, त्यामुळे थर्मामीटरचीही गरज नाही. दोन मिनिटांनी १० किलोओहमच्या जातीचा मणी ३० च्या वर, ३२-३३ च्या आसपास दिसायला हवा. नंतर तो बाहेर काढून मुठीत धरायचा. आकडा सावकाश, एकसारखा उतरत गेला तर मणी निरोगी आहे. मध्येच अडखळला, उड्या मारू लागला, किंवा मीटरने आकडाच दाखवला नाही, तर खुशाल बदलावा. मात्र सगळ्याच कंपन्या १० किलोओहमचा मणी वापरत नाहीत, तेव्हा आपल्या मॉडेलचा तक्ता आधी पाहावा.

मणी ठीक आणि तरी कोड येतो, तेव्हा नजर वायरीकडे वळवायची. ड्रायरमधला कंट्रोल बोर्ड थर्मिस्टरमधून बारीकसा प्रवाह सोडून व्होल्टेज मोजतो आणि त्यावरून तापमान काढतो. वायर तुटली तर रोध अनंत होतो. बोर्डाच्या भाषेत त्याचा अर्थ ड्रमात उणे चाळीसाहूनही कडाक्याची थंडी. वायरी एकमेकींना चिकटल्या तर आत भट्टी पेटल्यासारखं वाटतं. शारजातल्या फ्लॅटमध्ये उणे चाळीस अशक्य, हे बोर्डाला शिकवलेलं असतं. तो त्यावर विश्वास ठेवत नाही, हीटर बंद करतो आणि कोड दाखवतो. ही शिकवण नसती तर 'फारच गार आहे' असं समजून त्याने हीटर चालूच ठेवला असता. आखाताच्या किनाऱ्यावर कनेक्टरचे पाय दमट, खाऱ्या हवेने हिरवट पडतात, आणि ड्रमाच्या कंपनांनी वायर तिच्या वळणावरच आतून तुटते. मीटर लावलेला ठेवून वायर हलक्या हाताने हलवली आणि आकडा थरथरला, तर दोष तिथेच.

सेन्सर हळूहळू चुकू लागला तर बोर्डाला कळतच नाही, ही जास्त अवघड गोष्ट. खरं तापमान ६० आणि तो ७० सांगतोय, तर हीटर लवकर बंद होतो, कपडे ओलेच राहतात, कोड मात्र येत नाही. अशा वेळी लोक ड्रमातल्या ओलावा ओळखणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्यांवर संशय घेतात. तो कधी खराही असतो, कारण फॅब्रिक सॉफ्टनरचा थर बसला की त्या आंधळ्या होतात. ओल्या फडक्याने पुसून पाहायला काही लागत नाही.

या सगळ्याच्या आधी फिल्टर. कपड्यांतून सुटणारा धाग्यांचा मऊ भुसा आणि आखातातली बारीक वाळू मिळून त्यावर जाड थर बसतो. हवा अडते, हीटरभोवती उष्णता साचते, आणि सेन्सर प्रामाणिकपणे 'फार तापलंय' सांगतो. निरोपाचा राग निरोप्यावर निघतो. या भुशाला हलकं समजू नये. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुशमधल्या एका उंच इमारतीला आग लागली, ती एका सदोष ड्रायरमुळे, असं तिथल्या अग्निशमन दलाने सांगितलं. त्या काळात ब्रिटनमध्ये लाखो ड्रायरवर जो आक्षेप घेतला गेला होता, तो हीटरपर्यंत पोहोचणाऱ्या याच भुशाबद्दल होता.

सेन्सरशेजारी उष्णता फार वाढली की कायमचा उडणारा एक थर्मल फ्यूजही असतो. तो उडाला की काही जण 'डायरेक्ट' करून देतात, म्हणजे दोन टोकं सरळ जोडून टाकतात. थर्मिस्टरच्या जागी ठरावीक रोधाचा साधा रेझिस्टर लावण्याची चलाखीही चालते. तसं केलं की ड्रम कितीही तापला तरी बोर्डाला कायम तेच तापमान दिसत राहतं. असा सल्ला देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

ड्रायरच नको म्हणावं, तर दुबईत बाल्कनीत कपडे वाळत घातले की शहराचं रूप बिघडतं म्हणून नगरपालिका दंड करू शकते. बाहेर घातले तरी उन्हाळ्यातल्या रात्रीच्या दमट हवेत ते वाळतील याचा भरवसा नाही. त्यामुळे ड्रायरला पर्याय उरत नाही, आणि छोट्या फ्लॅटमध्ये तो बहुधा वॉशिंग मशिनमध्येच असतो. या दुहेरी यंत्रांपैकी अनेकांत गरम, दमट हवेतली वाफ नळाच्या गार पाण्याने थिजवून काढली जाते. पण उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापलेलं असतं. त्या पाण्याने वाफ नीट थिजत नाही, ओली हवा ड्रमात फिरत राहते, वेळ लांबतो आणि शेवटी तक्रार सेन्सरच्या नावावर जाते. वेगळा कंडेन्सर ड्रायर असेल तर त्याच्या पुस्तिकेत खोलीचं तापमान किती असावं ते दिलेलं असतं. अनेक यंत्रांना ५ ते ३५ अंशांची मर्यादा असते, आणि बंद बाल्कनी ती मे महिन्यातच ओलांडते. शक्य असेल तर ड्रायर घरात, एसीच्या हवेत आणावा. दुहेरी यंत्र असेल तर उन्हाळ्यात कपडे निम्मेच टाकावेत आणि पहाटे लावावं, तेव्हा टाकी थोडी निवलेली असते.