सी-सॉवर अडलेला कुत्रा

१९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये दोन कार्यक्रमांमधला वेळ भरून काढायला घोड्यांच्या शो-जंपिंगवर बेतलेला एक खेळ दाखवला गेला. डॉग अ‍ॅजिलिटीची सुरुवात ती. यातल्या अडथळ्यांपैकी बोगदा बहुतेक कुत्री लवकर शिकतात: आधी तो दाबून आखूड करायचा आणि दुसऱ्या तोंडाशी बसून हाक मारायची.

घोडं अडतं ते सी-सॉवर. फळी पायाखाली हलते आणि टोक दाणकन आपटतं. उंचीपेक्षा भीती या दोन गोष्टींची, म्हणून त्या वेगवेगळ्या शिकवाव्यात. सुरुवात जमिनीवरच्या डुगडुगत्या फळीपासून. एक पाऊल ठेवलं तरी खाऊ. मग सी-सॉचं वर असलेलं टोक जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर धरायचं, खाली जुनी गादी सरकवायची आणि कुत्र्यालाच पंजाने ते आपटू द्यायचं. आवाज आपण केला हे कळलं की त्याचा धसका कमी होतो. कित्येकांना तर त्याचं व्यसनच लागतं! अंतर वाढवणं आणि गादी काढणं त्यानंतर, हळूहळू.

पट्टा ओढून वर चढवणं हा सर्वांत वाईट उपाय. नाकासमोर चिकनचा तुकडा नाचवणंही फारसं बरं नाही. खाण्याच्या नादात कुत्रा पायांकडे बघत नाही आणि फळी कलली की दुप्पट घाबरतो.

रोज चढणारा कुत्रा अचानक नकार देऊ लागला, तर आधी पशुवैद्याकडून सांधे आणि पंजे तपासून घ्या. वाढत्या पिल्लांना उंच उड्या नकोतच. आंतरराष्ट्रीय संघटना एफसीआयच्या स्पर्धांत १८ महिन्यांखालच्या कुत्र्यांना प्रवेश नसतो.