शेतकऱ्याच्या घरी ड्रिलची बिटे कोणती असावीत?

मृगाचा पाऊस जवळ आला म्हणजे गोठ्याच्या माळ्यावरील अवजारे खाली उतरतात आणि त्यांची डागडुजी सुरू होते. पूर्वी या कामी सुताराचे गिरमिट व लोहाराचा भाता हाच काय तो आधार असे. आता विजेवर चालणारे लहान ड्रिल यंत्र पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी आढळते. यंत्र विकत घेताना शेतकरी बंधू चार ठिकाणी चौकशी करतात. परंतु त्यात बसवावयाची बिटे मात्र दुकानदार देईल ती घेतात. वस्तुतः भोक पाडण्याचे काम बिट करते. यंत्र त्यास केवळ फिरविते.

प्रस्तुत लेखकानेही ही चूक केली आहे. काही वर्षांपूर्वी बाजारात सोनेरी रंगाच्या शंभराहून अधिक नगांची एक पेटी स्वस्त मिळाली, म्हणून ती घेऊन वडिलांच्या घरी ठेवली. पुढे ऐन पेरणीत लोखंडी तिफणीच्या एका फणाचा बोल्ट तुटला. जुने भोक झिजून वेडेवाकडे झाले होते, सबब त्याच्या शेजारी तीन सुती बोल्टासाठी नवे भोक पाडणे आले. पट्टी अवघी सहा मिलिमीटर जाड होती. पेटीतील पहिले बिट अर्ध्यात निळे पडून बोथट झाले, दुसरे तुटले व तिसरे नुसतेच घासत राहिले. तालुक्याच्या गावाहून चांगले बिट आणून भोक पाडीपर्यंत संध्याकाळ झाली. त्याच रात्री पाऊस आला, वाफसा गेला आणि उरलेल्या रानाची पेरणी आठ दिवस लांबली. पेटीच्या किमतीत चांगली चारपाच बिटे सहज आली असती, हा हिशेब नंतर सुचला.

असे का होते हे समजून घेणे अगत्याचे आहे. स्वस्त बिटे बहुधा साध्या कार्बन पोलादाची असतात. हे पोलाद थंड असता चांगले कठीण असते. परंतु उष्णता सुमारे २०० ते २५० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की त्याची कठीणता उतरू लागते. बिटाचे टोक निळे दिसले म्हणजे ही मर्यादा ओलांडली गेली असे समजावे. याच्या उलट टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम व व्हॅनेडियम या धातूंचा योग्य मेळ घातलेले हायस्पीड पोलाद सुमारे ६०० अंशांपर्यंत आपली धार टिकविते. अमेरिकेतील टेलर व व्हाइट या दोघांनी हे पोलाद सिद्ध केले आणि १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ते जगापुढे आले. पिळाच्या बिटाचे पेटंट मोर्स यांनी १८६३ सालीच घेतले होते. त्या काळची बिटे कार्बन पोलादाचीच असत व मंद गतीमुळे ती चालूनही जात. आजही हाताने फिरवावयाच्या ड्रिलमध्ये अशी बिटे वाईट नाहीत. विजेच्या यंत्राशी मात्र त्यांची गाठ घालू नये.

सोनेरी रंगावरून कोणी भुलू नये. टायटॅनियम नायट्राइडचा खरा लेप उपयुक्त असतो, परंतु तो अवघा काही मायक्रॉन जाडीचा असून बिट पाजविले की टोकावरून निघून जातो. शिवाय आतले पोलाद हलके असेल तर वरचा लेप काय करणार? कोबाल्ट मिसळलेली बिटे स्टेनलेस पोलादासारख्या चिवट धातूसाठी असतात. ती महाग व काहीशी ठिसूळ असल्याने घरगुती कामासाठी त्यांवर पैसा खर्च करण्याचे कारण नाही.

दुकानात बिटाच्या दांड्यावर माप व ‘एचएसएस’ ही अक्षरे कोरलेली आहेत काय ते पाहावे. बिट काचेवर लोळवावे. वाकडे असेल तर लगेच ध्यानात येते. टोकाच्या दोन्ही धारा सारख्या लांबीच्या असाव्यात, अन्यथा भोक मापापेक्षा मोठे पडते. अक्षरे खोटीही असू शकतात. म्हणून प्रथम एकच नग घेऊन लोहाराच्या ग्राइंडरवर त्याचे टोक क्षणभर टेकवावे. साध्या कार्बन पोलादाच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या असतात. हायस्पीड पोलादाच्या ठिणग्या थोड्या, तांबूस व न फुटणाऱ्या दिसतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग चार शेतकऱ्यांसमक्ष करून दाखविल्यास तोंडी सांगण्यापेक्षा अधिक उपयोग होईल.

आता मापांविषयी. आपल्याकडे बोल्ट अजून सुतात मोजले जातात. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. दोन सुती बोल्टास साडेसहाचे व तीन सुतीस दहाचे भोक चालते. आठ मिलिमीटरच्या बोल्टास साडेआठ किंवा नऊ लागते. तेव्हा ३, ४, ५, ६.५, ८.५ व १० मिलिमीटरची सहा बिटे सुटी घेतली की अवजारांचे, दाराच्या बिजागरीचे व पत्र्याचे बहुतेक काम भागते. लाकडासही हीच चालतात. पेटीच घ्यावयाची असेल तर १ ते १० मिलिमीटरची, अर्ध्या मिलिमीटरने वाढत जाणारी १९ नगांची पेटी पुरे. मात्र तीतील बारीक बिटे फारशी हाती लागत नाहीत. यंत्राची पकड १० मिलिमीटरची असेल तर त्याहून जाड दांड्याचे बिट बसत नाही, हेही लक्षात घ्यावे.

भिंतीसाठी टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा जडविलेली बिटे वेगळी मिळतात. ६ व ८ मिलिमीटरची दोन घ्यावीत. हायस्पीड पोलादाचे बिट विटेत किंवा काँक्रीटमध्ये घातले तर त्याची धार क्षणात जाते. ‘लाकूड, लोखंड, भिंत, सर्वांस एकच’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या बिटांवर म्हणूनच फार भिस्त ठेवू नये.

ठिबक संचाच्या उपनळीस रबरी ग्रोमेट बसविण्यासाठी लागणारे माप सामान्य पेटीत बहुधा नसते. संच देणाऱ्या कंपनीने सांगितलेल्या नेमक्या मापाचे एक बिट वेगळे घ्यावे. जवळपासचे माप वापरल्यास ग्रोमेट गळते. भोके पाडताना प्लॅस्टिकचा कीस नळीत पडतो, तो पुढे तोट्यांत अडकतो. यासाठी उपनळीचे शेवटचे झाकण काढून पाणी सोडावे व नंतरच लॅटरल जोडाव्यात.

चांगले बिटही चुकीच्या वापराने जाते. लोखंडासाठी १० मिलिमीटरचे बिट मिनिटास सुमारे ८०० फेरे फिरावे. घरगुती यंत्रे २८०० पर्यंत जातात, म्हणून कळ हलकी दाबावी. प्रथम सेंटर पंचाने खूण करावी, मग ३ किंवा ४ चे भोक व त्यावर मोठे. तेलाचे थेंब सोडीत राहावे. बिडास मात्र तेल नको. पत्रा कधीही हातात धरू नये. बिट पलीकडे निघताना तो गर्रकन फिरतो आणि बोटे कापतो. दोन फळ्यांत दाबून तो बांधावा. उपरणे, पदर, सैल बाह्या आवराव्यात, हातमोजे काढावेत, डोळ्यांस चष्मा लावावा. ओल्या जमिनीवर उभे राहून विजेचे यंत्र चालवू नये.

काम झाल्यावर बिटे पुसून तेलाच्या फडक्यात गुंडाळावीत. कोकणात तर पावसाळ्यात एवढ्यानेही गंज चढतो, तेथे घट्ट झाकणाचा डबा बरा. लेखकाच्या वडिलांनी ती सोनेरी पेटी टाकून दिलेली नाही. तीतील बारीक बिटे पांगाऱ्याच्या मऊ फळ्यांना चालतात, आणि लोखंडाची सहा बिटे ते आता वेगळ्या डब्यात ठेवतात.