घरपट्टी माझी, पूल कुणाचा?

फेब्रुवारी-मार्च आला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा मथळा ठरलेला असतो. इतक्या हजार कोटींचे, करवाढ नसलेले, अमुक नव्या प्रकल्पांचे. आठवडाभर चर्चा होते आणि मग विषय खड्ड्यांवर येतो. पहिल्याच पावसात रस्ता उखडला की कुणीतरी म्हणतोच, "आमच्या घरपट्टीवर हे शहर चालतं आणि आमच्याच वाट्याला हे?"

संताप खरा आहे, हिशेब चुकीचा आहे. 2024-25 चे नाशिक महापालिकेचे अंदाजपत्रक 2,600 कोटींच्या घरात होते. घरपट्टीची वर्षाची वसुली ढोबळमानाने दोनशे कोटींची, पाणीपट्टीची त्याहून कितीतरी कमी. म्हणजे दहा रुपयांतला एक रुपयासुद्धा घरपट्टीतून येत नाही. निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या जीएसटी भरपाईचा, तो राज्य सरकारकडून महिन्याच्या हप्त्यांनी येतो. अर्थात तोही पैसा आपलाच. साबणावर, सिमेंटवर, हॉटेलच्या बिलावर आपण भरलेला कर मुंबईमार्गे फिरून शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात, म्हणजे पालिकेच्या मुख्यालयात पोचतो. त्यामुळे जाब विचारायचा हक्क कमी होत नाही. फक्त जाब कुणाला विचारायचा, याचे उत्तर थोडे बदलते.

हा बदल कसा झाला ते जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण शहराच्या आर्थिक विकासाविषयीचे बरेचसे गैरसमज इथूनच निघतात. एके काळी महापालिकेचा कणा जकात होती. नाक्यावर ट्रक अडायचे, पावत्या फाटायच्या, भ्रष्टाचाराच्या कहाण्याही व्हायच्या. पण त्या बदनाम व्यवस्थेत एक थेट नाते होते: सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत माल जास्त आला की पालिकेची तिजोरी त्याच दिवशी जड व्हायची. मे 2013 मध्ये नाशिकमध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट 2015 मध्ये पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला आणि जुलै 2017 मध्ये जीएसटीने उरलेलेही गिळले. त्याच्या बदल्यात राज्याने 2017 च्या कायद्याने महापालिकांना भरपाई द्यायचे ठरवले. 2016-17 हे वर्ष पायाभूत धरायचे आणि दर वर्षी आठ टक्के वाढ द्यायची.

या आठ टक्क्यांकडे नीट पाहा. नाशिकमध्ये दहा नवे कारखाने आले तरी आठ, दहा बंद पडले तरी आठ. उद्योग आणल्याचे बक्षीस पालिकेला नाही, घालवल्याची शिक्षाही नाही. शहराच्या वाढीशी थेट बांधलेली पालिकेची मोठी उत्पन्ने आता उरली ती मालमत्ता कर, बांधकाम परवानगीसोबत येणारे विकास शुल्क आणि दस्तनोंदणीच्या मुद्रांक शुल्कावरचा एक टक्का अधिभार. तिन्ही जमिनीशी आणि बांधकामाशी बांधलेली. मग पालिकेचा जीव कारखान्यापेक्षा फ्लॅट स्कीमच्या परवानगीत जास्त गुंतला, तर त्याचे नवल कशाला करायचे? मला वाटते, नाशिकच्या विकासावरच्या निम्म्या वादांचे मूळ या एका सूत्रात आहे आणि त्यावर बोलणारा माणूस विरळा.

"मग उद्योग आणणे हे महापालिकेचे कामच नाही" असा उलटा निष्कर्ष काढणारेही भेटतात. तेही बरोबर नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे अठरा विषय आहेत. त्यातला तिसराच आर्थिक व सामाजिक विकासाच्या नियोजनाचा आहे. पण सोपवता येणे आणि सोपवणे यांत फरक आहे. सातपूर आणि अंबडमध्ये भूखंड आणि पाणी एमआयडीसीचे, वीज महावितरणची, कर महापालिकेचा. एखाद्या लघुउद्योजकाच्या गेटसमोर सांडपाणी तुंबले की पहिला आठवडा ते कुणाच्या हद्दीत तुंबले हे ठरवण्यात जातो. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांची निवेदने चाळली तर मोठमोठ्या सवलतींच्या बरोबरीने रस्ते, दिवे, गटार आणि अग्निशमन याच मागण्या पुन्हा पुन्हा दिसतात. नुसती इमारत उभारून उद्योग येत नाही, हेही अंबडने पाहिले आहे: एमआयडीसीने तिथे बांधलेली आयटी इमारत वर्षानुवर्षे जवळजवळ रिकामी राहिली. जगभरातला अनुभवही असाच आहे. अमेरिकेत सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या स्टेडियमांचा अर्थतज्ज्ञांनी भरपूर अभ्यास केला, आणि बहुतेकांचा निष्कर्ष एकच: शहराच्या एकूण उत्पन्नात त्यांनी फारशी भर घातली नाही.

हद्दीचा गोंधळ फक्त उद्योगात नाही. "महापालिकेने बांधलं" म्हणून आपण ज्या सुविधा मोजतो, त्यांतल्या कितीतरी पालिकेच्या नाहीतच. मुंबई नाक्यावरून जाणारा लांबलचक उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. जिल्हा रुग्णालय राज्याचे. बिटको रुग्णालय मात्र पालिकेचे. पंचवटीतले विभागीय क्रीडा संकुल क्रीडा खात्याचे. पांडवलेण्याच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान निवडणुकीच्या प्रचारात मिरवले गेले, पण जागा वनविकास महामंडळाची आणि पैसा टाटांचा. नाटक पाहायला कालिदास कलामंदिरात गेलात तर तुम्ही पालिकेच्या वास्तूत आहात. परशुराम साईखेडकर नाट्यगृहात गेलात तर 1840 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या. श्रेय घेताना या रेषा पुसट होतात आणि तक्रार आली की एकदम ठळक.

आता आकड्यांकडे. अंदाजपत्रकात तरतूद झाली म्हणजे पैसे आले, हा समज इतका घट्ट आहे की तो मोडण्यात कुणाला रसही नाही. तरतूद ही अपेक्षा असते. जमेच्या बाजूला वाढीव वसुली धरली जाते, भूखंड विकून येणारे उत्पन्न धरले जाते, सरकारी अनुदान धरले जाते. त्यातले जे येत नाही ते सुधारित अंदाजपत्रकात गुपचूप खाली उतरते. पण त्या भरवशावर निविदा निघालेल्या असतात, कार्यादेश दिलेले असतात. त्यांची बिले पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतात. पालिकेच्या भाषेत याला दायित्व म्हणतात. नव्या प्रकल्पांची यादी वाचण्याआधी दायित्वाचा आकडा वाचला, तर यादीतले काय खरोखर होणार आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

केंद्राच्या घोषणेचेही तेच. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी 2,092 कोटींचा उल्लेख झाला आणि शहरात पेढे वाटले गेले. रबरी टायरवर धावणारी ती मेट्रो नाशिककरांनी अजून फक्त चित्रात पाहिली आहे.

आली ती बस. 8 जुलै 2021 ला महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली, त्याआधी शहर बस एसटी चालवायची. सिटीलिंकच्या तोट्याची बातमी दर काही महिन्यांनी छापून येते आणि "पालिकेने हा पांढरा हत्ती कशाला पोसायचा" असा सूर लागतो. ठेकेदाराला इथे किलोमीटरमागे पैसे मिळतात, तिकिटाचे उत्पन्न पालिकेच्या कंपनीकडे जमा होते. म्हणजे बस रिकामी धावली तरी ठेकेदाराचे बिल तेवढेच. किलोमीटर कसे मोजले जातात, मार्ग कोण ठरवते, फेऱ्या का रद्द होतात, हे प्रश्न जरूर विचारावेत. पण नुसता तोटा हा दोषाचा पुरावा नव्हे. पुण्याच्या पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका दर वर्षी वाटून घेतात. मुंबईत बेस्टला महापालिकेने किती पैसे दिले ते सर्वश्रुत आहे. सिडकोत राहणारी, सातपूरला पाळीवर जाणारी बाई बसने वेळेत कामावर पोचते, तो फायदा कंपनीच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही. बागेचा किंवा पथदिव्यांचा तोटा आपण कधी काढतो का?

याच्या अगदी विरुद्ध टोकाचा गैरसमज स्मार्ट सिटीच्या काळात पसरला: केंद्राचा पैसा फुकटचा आहे. सप्टेंबर 2016 मध्ये नाशिकची निवड झाली. केंद्राने पाचशे कोटी द्यायचे आणि तेवढीच भर राज्य व महापालिकेने मिळून घालायची, असे ते गणित होते. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा जेमतेम 1.1 किलोमीटरचा स्मार्ट रस्ता बांधायला किती काळ लागला, हे तिथल्या दुकानदारांना विचारावे. धंदा बसला तो त्यांचा, आणि ती किंमत कुठल्याही लेखाशीर्षात धरलेली नव्हती. गोदाघाटावर तर याहून नमुनेदार प्रकार झाला. 2003 च्या सिंहस्थासाठी नदीपात्रात काँक्रीट ओतले गेले, त्याखाली जुनी कुंडे गाडली गेली; पुढे न्यायालयापर्यंत वाद जाऊन स्मार्ट सिटीच्या कामात त्यातले काही काँक्रीट फोडून काढावे लागले. ओतायलाही पैसे, काढायलाही पैसे.

"कर्ज काढलं म्हणजे पालिका बुडाली" हे वाक्यही तपासून पाहावे. 1999 मध्ये, कर्जरोखे काढणाऱ्या देशातल्या महापालिका एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. तेव्हा नाशिकने पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी शंभर कोटींचे रोखे काढले. व्याज 14.75 टक्के, आणि हमी म्हणून जकात नाक्यांचे उत्पन्न बाजूला ठेवलेले. 2025 च्या अखेरीस पुन्हा रोखे निघाले, या वेळी दोनशे कोटींचे, गोदावरीच्या शुद्धीकरणासाठी. पन्नास वर्षे टिकणाऱ्या जलवाहिनीचा खर्च पुढच्या पिढीनेही थोडा उचलावा, यात गैर काही नाही. गैर होईल ते कर्जातून पगार आणि डांबराचे ठिगळ भागवणे. पगारांबद्दलही एक समज आहे, पालिकेत माणसे फार झाली असा. प्रत्यक्षात मंजूर पदे सात हजारांच्या पुढे आणि कामावर असलेली माणसे त्याहून पुष्कळ कमी. आस्थापना खर्च पस्तीस टक्क्यांच्या आत ठेवण्याच्या सरकारी अटीमुळे भरती अडते आणि कामे ठेक्याने जातात. ठेक्याचा खर्च आस्थापनेत धरत नाहीत, एवढीच काय ती बचत.

राहता राहिला कुंभमेळा, म्हणजे नाशिकचे बारा वर्षांनी येणारे अंदाजपत्रक. 2015 च्या सिंहस्थात एकट्या महापालिकेचा आराखडा सुमारे हजार कोटींचा होता. त्यातून बाह्य वळण रस्ते मिळाले, ते आजही कामाला येतात. नदीकाठी नवे घाटही मिळाले. मेळा उठल्यावर त्यांच्या झाडलोटीला आणि देखभालीला माणसे व निधी कुठून येणार, याची तजवीज आराखड्यात दिसली नाही. 2027 साठी राज्याने नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण स्थापन केले, त्यामुळे कामे वेगळ्या यंत्रणेच्या देखरेखीखाली होणार. शहराच्या हद्दीतली बरीचशी देखभाल मात्र पुन्हा पालिकेकडेच येईल. शिवाय मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षे प्रशासकच स्थायी समिती आणि प्रशासकच महासभा होता. मोठे आराखडे त्या काळात जवळजवळ विनाचर्चा मंजूर झाले. आता सभागृहात बसलेल्या नगरसेवकांसमोर नव्या पुलांचे आणि घाटांचे विषय येतील, तेव्हा बांधकामाच्या किमतीशेजारी दरवर्षीच्या देखभालीचा आकडा आणि तो भागवणारे लेखाशीर्ष लिहिलेले असावे, एवढा आग्रह प्रभागातल्या मतदाराला आजही धरता येतो. कायदा बदलावा लागत नाही.