'३१' म्हणजे कोणते साल?

'बहात्तरच्या दुष्काळात' असे आजोबा म्हणतात, तेव्हा कोणत्या शतकातले बहात्तर, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. संगणकाला मात्र ना आजोबा ठाऊक असतात, ना दुष्काळ. त्याच्यापुढे दोन अंक येतात आणि शतक त्याला ठरवावेच लागते.

त्यासाठी तो एक सीमा आखतो. एक्सेलमध्ये वर्षानुवर्षे रूढ असलेली सीमा २९ ही आहे. ०० ते २९ म्हणजे २००० ते २०२९ आणि ३० ते ९९ म्हणजे १९३० ते १९९९. पायथन या संगणकभाषेत मात्र ६८ पर्यंतचे अंक एकविसाव्या शतकात जातात. म्हणजे '४५' हे साल एकीकडे १९४५ ठरते, तर दुसरीकडे २०४५!

समजा, शाळेच्या लेखनिकाने एका शिक्षकांची निवृत्तीची तारीख ३०-६-३१ अशी भरली. सीमा २९ असेल तर एक्सेल ती ३० जून १९३१ समजेल, आणि उरलेल्या सेवेचे दिवस उणे येतील. उणे चिन्ह दिसले तर बरेच म्हणायचे, कारण चूक निदान लक्षात तरी येते. खरी अडचण पुढे आहे. एक्सेल तारीख जशीच्या तशी साठवत नाही. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून तो दिवसांचा क्रमांक साठवतो. वरील तारखेचा क्रमांक ११५०४. तो एकदा नोंदला गेला की लेखनिकाने '३१' लिहिले होते की '१९३१', हे त्या क्रमांकावरून सांगता येत नाही.

ही काटकसर जुनी आहे. ८० रकान्यांच्या छिद्रपत्रांवर '१९' हे अंक वाचवणे शहाणपणाचे होते. सन २००० जवळ आले तेव्हा अनेक ठिकाणी चार अंकी साल करण्याऐवजी अशी सीमाच आखली गेली. आमच्या मते ती दुरुस्ती नव्हे, मुदतवाढ होती. ज्यांनी सीमा २० वर ठेवली, अशा काही प्रणाली १ जानेवारी २०२० रोजी अडखळल्याच.

आपल्या संगणकाची सीमा विद्यार्थ्यांना शोधून काढता येईल. एका रकान्यात १-१-२५ पासून १-१-७५ पर्यंतच्या तारखा भराव्यात. प्रत्येक तारीख स्वतंत्रपणे टंकित करावी, खाली ओढून नव्हे. मग साल चार अंकी दिसेल असे स्वरूप निवडावे. शतक जिथे उडी मारते, ती सीमा.