सायकलीची गणती

परभणी जिल्ह्यांत रोज सायकलीनें किती माणसें जातात-येतात, हें शोधूं पाहणारा विद्यार्थी प्रथम जनगणनेचे तक्ते उघडतो. २०११ सालच्या तक्त्यांत कामाचें ठिकाण किती दूर व माणूस तेथें कशानें जातो याचे रकाने आहेत खरे. परंतु ते केवळ ‘इतर कामगारां’पुरते. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगांतील माणसें त्यांतून वगळलीं आहेत. मग कापूस-ज्वारीच्या या जिल्ह्याचें त्यांत उरलें किती? दांडीला विळा-खुरपें अडकवून पहांटे निघालेला मजूर तेथें नाहीं. मानव विकास कार्यक्रमांतून, शाळेपासून ५ किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकली देण्यांत आल्या. त्या मुलीही नाहींत, कारण शाळेस जाणें हें तक्त्याच्या लेखीं ‘काम’ नव्हे.

तेव्हां विद्यार्थ्यानें वही घेऊन पाथरीच्या वा पूर्णेच्या एखाद्या शिवाररस्त्यावर उभें राहावें, हेंच बरें. मात्र एकदांच नव्हे. वैशाखांत सायकलीवर दिसलेला माणूस श्रावणांत तीच सायकल खांद्यावर घेऊन चालतांना आढळेल. काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्यें असा घट्ट बसतो, कीं काडीनें उकरल्यावांचून चाक फिरत नाहीं. त्या माणसाची नोंद कोणत्या रकान्यांत करावयाची, पायीं कीं सायकल?