कुत्र्या-मांजराचे केस, लेकराचा दमा आणि तीस हजारांचे मशीन

आमच्या ओळखीच्या एका घरी रविवारी दुपारी एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोठा खोका. घरात मांजर आहे आणि नऊ वर्षांच्या मुलाला दमा आहे, एवढे त्याला बोलण्याबोलण्यात कळले. त्याने मशीनच्या तोंडाला एक पांढरा कपडा लावला, दिवाणावरच्या गादीवरून दोन मिनिटे फिरवला आणि काढून दाखवला. कपडा काळाभोर. "काकू, हेच तुमचं लेकरू रोज रात्री छातीत घेते," तो म्हणाला. महिन्याला २,५०० रुपये, १२ हप्ते. आईने सही केली. कोणतीही आई करील.

आम्हाला त्या बाईला दोष द्यायचा नाही. पण बचत गटाच्या बैठकीत तिने हे सांगितले, तेव्हा आणखी तिघींनी विचारले, "आमच्याही घरी कुत्रे आहे, आम्ही पण घ्यावे का?" म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हाच विषय घेतला आहे.

आधी त्या काळ्या कपड्याचे पाहू. कापसाची वापरातली कोणतीही गादी घ्या, नवीकोरी चादर रोज घाला, तरी तिच्यातून धूळ निघणारच. त्यात कापसाचा भुसा असतो, आपल्याच कातडीचा कोंडा असतो, रस्त्यावरची माती असते. मांजर नसलेल्या घरची गादीसुद्धा तो कपडा काळाच करील. मशीन धूळ ओढते, एवढेच त्यावरून कळते. मशीन फिरवल्यावर आत किती राहिली आणि मुलाचा दमा त्याने कमी होतो की नाही, हे त्या कपड्यावरून कळत नाही. विकणाऱ्याला एवढेच विचारा: "मघाच्याच जागेवर परत एकदा फिरव, भाऊ." दुसऱ्यांदाही कपडा काळा होतो. तिसऱ्यांदाही होतो.

आता मूळ गोष्ट. मांजराच्या केसांनी दमा होतो असे आपण म्हणतो, पण त्रास केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलकट ग्रंथींत एक प्रथिन असते. मांजर दिवसभर अंग चाटते, ती लाळ केसांवर वाळते आणि तिचे अगदी बारीक कण, कातडीच्या कोंड्यासह, हवेत उडतात. कुत्र्याचेही जवळपास असेच. ज्यांच्या शरीराला हे प्रथिन चालत नाही, त्यांनाच शिंका, डोळ्यांना खाज आणि दमा होतो. बाकीच्यांना काही होत नाही. एकाच घरात एका भावाला त्रास आणि दुसरा मांजर कुशीत घेऊन झोपतो, ते यामुळे.

हे कण इतके हलके असतात की तासन् तास हवेत तरंगतात, भिंतीला, पडद्याला, शाळेच्या गणवेशाला चिकटतात. ज्या घरात कधी मांजर पाळले नाही, तिथेही ते कपड्यांबरोबर पोहोचलेले सापडतात. मांजर कायमचे दुसरीकडे दिले, तरी घरातले प्रमाण खाली यायला चार-सहा महिने लागतात. जमिनीवर दिसणारा केसांचा पुंजका मशीनने ओढला, चांगले झाले, घर स्वच्छ दिसले. पण मुलाच्या छातीला जे बाधते, त्याचा मोठा भाग तेव्हा हवेत आणि भिंतीवर असतो.

साध्या मशीनमध्ये तर उलटेच होते. पुढून धूळ ओढली जाते आणि मागच्या जाळीतून बारीक कण जोराने परत खोलीत फेकले जातात. ते अडवायला हेपा नावाची गाळणी लागते. खरी हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे कण शंभरातले ९९.९७ टक्के अडवते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. महाग मशीनची किंमत बरीचशी या गाळणीची आणि हवा कुठूनही फटीतून निसटू नये अशा बांधणीची असते. पण खोक्यावर "हेपा टाइप" किंवा "हेपासारखी" लिहिलेले असेल, तर ती खरी हेपा असेलच असे नाही. शिवाय ही गाळणी कायमची नसते, बदलावी लागते, तिचे पैसे वेगळे. आणि पिशवी नसलेल्या मशीनचा डबा ओसरीवर आपटून रिकामा केला, की दिवसभर पकडलेली धूळ पुन्हा आपल्याच तोंडावर.

हे यंत्र जन्माला आले ते गालिच्यांसाठी. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ याने ते बनवले, तेव्हा ते घोडागाडीवर होते. गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि खिडकीतून लांब नळ्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जायच्या. तिकडच्या थंड मुलखात आजही बऱ्याच घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवलेला असतो. तो उचलून धुता येत नाही, उन्हात टाकता येत नाही. कुत्र्याचे केस त्यात रुतून बसतात. त्या घराला चांगले मशीन लागतेच, आणि तिथे कुत्रे-मांजर पाळणाऱ्याने महाग मशीन घेतले, तर त्याचा पैसा वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.

आपल्याकडे काय आहे? टाइल्स, शहाबादी फरशी, सिमेंटचा कोबा, आणि आमगाव-सालेकसा-देवरीकडच्या कितीतरी घरांत अजून शेणामातीने सारवलेली जमीन. सारवलेल्या जमिनीवर मशीन फिरवले, तर जमीनच उखडून डब्यात जाईल. फरशीवर ओल्या कपड्यासारखे दुसरे साधन नाही. पाण्यात कण चिकटतात, उडत नाहीत. फक्त क्रम बदलायला हवा. आपण आधी कोरडा झाडू मारतो, धुरळा उडवतो आणि मग पुसतो. दम्याच्या घरात आधी ओला पोछा मारावा, किंवा पाणी शिंपडून झाडावे आणि मग पुसावे. बादलीतले पाणी दोनदा बदलावे. झाडणारीने नाकाला ओढणी बांधावी आणि दमा असलेल्याला निदान अर्धा तास बाहेर बसवावे. झाडणारीलाच दमा असेल, तर घरातल्या पुरुषांनी झाडू हातात घ्यायला हरकत नाही. त्याला हप्ता लागत नाही.

गादी, वाकळ, उशी यांचे वेगळे आहे. तिथे मांजराच्या कणांबरोबर धुळीतले कीटक असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या कातडीचा कोंडा खाऊन जगतात आणि दमट हवेत वाढतात. वर्षावासाचे तीन महिने, रोवणीपासून धान निसवेपर्यंत, आपल्याकडची हवा त्यांना फार मानवते. जिवंत कीटक कापडाला घट्ट धरून बसतात. मशीनने सगळे निघत नाहीत. चादरी आणि उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात, म्हणजे ६० अंशांच्या आसपास, धुतले तर ते मरतात. गादी आणि वाकळ ऊन पडेल तेव्हा दिवसभर वाळत घाला. झटकायची ती अंगणात, आणि लेकरू जवळ नसताना.

आणि मांजराला झोपायच्या खोलीत येऊ देऊ नका. फुकटात होणारी यासारखी गोष्ट नाही, आणि पाळायला यासारखी कठीणही नाही, हे आम्ही स्वतःच्या घरच्या अनुभवाने सांगतो. मांजर आंघोळ घालून काही दिवस बरे वाटते, पण आठवडाभरात पुन्हा जैसे थे.

आता जे मशीनवाला कधी विचारणार नाही ते. तुमच्या घरात चूल पेटते का? रात्री मच्छर अगरबत्ती लावता का? घरात बिडी वळली जाते का? तंबाखूचा भुकटा सुपातून उडतो, त्याच खोलीत लेकरू झोपते. राइस मिलच्या बाजूला घर असेल, तर कोंड्याची धूळ खिडकीतून येतेच. स्वयंपाकघरात झुरळे असतील, तर त्यांच्या विष्ठेनेही दमा उठतो. बस्तीतल्या घरात हे सगळे मिळून मांजरापेक्षा मोठे कारण असू शकते. धूर ओढणारे व्हॅक्यूम क्लीनर नाही. बिडीचे काम छपरीत नेणे, कॉइलऐवजी मच्छरदाणी लावणे, रात्री अन्न झाकून ठेवणे याला खर्च थोडा आणि गुण जास्त.

मग मशीन कोणी घ्यावे? कापडी सोफा आहे, लांब केसांचे पामेरियन आहे, कोणाला दमा नाही आणि केसांचा फक्त कंटाळा आहे, अशा घराने हातात पैसे असतील तर साधे, पाच-सहा हजारांचे घ्यावे. ज्यांचे गुडघे गेले आहेत, वाकून झाडणे जमत नाही, त्यांनाही सोय होते. दम्याचे घर असेल, सोफा-गालिचे असतील आणि पैसा रोख असेल, तरच खऱ्या हेपाचा विचार करावा. कर्ज काढून कोणीच घेऊ नये. विहारात मोठ्या सतरंज्या असतात. तिथे सगळ्यांनी मिळून एक घेतले, तर ते वापरात तरी राहील.

जनावराच्या नावाने पैसा काढायचाच असेल, तर आधी रेबीजची लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली, आणि पुढे दरवर्षी. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. आपले कुत्रे असो की गल्लीतले, चावले किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद काही लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टर सांगतील त्या तारखांना सगळे डोस घ्या. रेबीजची लक्षणे दिसायला लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. पिसवा आणि गोचिडांसाठी शेतातले फवारणीचे औषध जनावराच्या अंगावर टाकू नये. कुत्र्याचे परमेथ्रिन असलेले औषध मांजराला लावले, तर मांजर मरू शकते.

राहिली पंपाची गोष्ट, आणि हे पान लिहायला आम्ही बसलो ते खरे तर यासाठी. सुरुवातीला सांगितलेल्या घरी हप्ता सुरू झाला आणि मुलाचा रोजचा पंप बंद झाला. मशीन आहे ना आता, असा विचार. शिवाय पंपाची सवय लागते, ही भीती आपल्याकडे फार आहे. पंपाची सवय लागत नाही. रोजचा पंप श्वासनळीची सूज दाबून ठेवतो. बरे वाटते ते त्याच्यामुळे, आणि बरे वाटते म्हणून आपण तो सोडतो. अडचणीच्या वेळी ओढायचा पंप वेगळा असतो. दोन्हींचा फरक डॉक्टरांकडून नीट समजून घ्या, मुलाला स्पेसर नळीतून औषध घ्यायला शिकवा, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका. मूल एका दमात वाक्य बोलू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाफ-काढा करत बसू नका, १०८ ला फोन करा.

त्या घरी श्रावणातल्या एका पावसाच्या रात्री असेच झाले. मुलाला दवाखान्यात नेले, नेब्युलायझर लावला, तो वाचला. डॉक्टरांनी मांजराचे नंतर विचारले. आधी विचारले, पंप कुठे आहे? आता पंप पुन्हा सुरू आहे. मांजर छपरीत झोपते, पहिले आठ दिवस रात्रभर दार खरवडत होते म्हणतात. मशीन महिन्यातून एकदा विहारातल्या सतरंज्यांसाठी जाते. अजून चार हप्ते बाकी आहेत.