कांचेच्या सुईचें टोंक

बोरूचें टोंक तिरपें छाटल्याशिवाय अक्षर वळणदार उमटत नाहीं, हें आमच्या वाडवडिलांस ठाऊक होतें. जिवंत पेशींत औषध किंवा द्रव घालण्याच्या कांचेच्या सुईसही हाच नियम लागू पडतो.

ही सुई करण्यासाठीं सुमारें १ मिलिमीटर जाडीची पोकळ कांचनळी मध्यभागीं तापवून दोहों बाजूंस ओढतात. नळी केसाहून बारीक होऊन तुटते. परंतु बारीक म्हणजे धारदार नव्हे. आडव्या तुटलेल्या टोंकानें पेशीचें आवरण नुसतें आंत दबतें. जोर करावा, तर पेशीच फाटते. म्हणून हिऱ्याची अतिसूक्ष्म पूड बसविलेल्या ओल्या, फिरत्या चकतीवर तें टोंक सुमारें ३० अंशांच्या कोनांत हलकेंच टेंकवितात. मागून हवा फुंकीत राहिलें, म्हणजे चुरा आंत शिरत नाहीं. क्षणभर अधिक दाबलें, कीं सुई वाया गेली! शेवटीं टोंक पाण्यांत बुडवून बुडबुडे निघतात कीं नाहीं, हें सूक्ष्मदर्शकांतून पाहतात; त्यावरून भोक मोकळें असल्याची खात्री पटते.

एवढा खटाटोप कशासाठीं? १९७१ सालीं इंग्लंडांत जॉन गर्डन व त्यांचे सहकारी यांनीं सशाच्या हिमोग्लोबिनचा 'निरोप', म्हणजे आर. एन. ए., बेडकाच्या अंडपेशींत सुईनें घातला. त्या पेशीनें तो वाचला, आणि सशाचें हिमोग्लोबिन तयार केलें! टोंचल्यावरही पेशी जगली, म्हणूनच हें उत्तर मिळालें.

विद्यार्थिमित्रहो, मोठ्या शोधांमागें असलें बारीक, धिमें काम असतें, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.